घरच्या घरी स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट बदलताना

एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणारा पाइप, गाडीखाली टांगलेला असतो. त्याचं पुढचं टोक इंजिनाला जोडलेलं असतं आणि बाकीचा सगळा पाइप रबरांवर लोंबत असतो. इंजिन सुरू होताना आणि गिअर बदलताना हलतं, त्याच्याबरोबर पाइपही हलतो. शिवाय तापला की तो लांब होतो. ३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचा दोन मीटरचा पाइप ३०० अंश सेल्सियसने तापला तर त्याची लांबी जवळपास एक सेंटिमीटरने वाढते. ही एवढी गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढच्या बहुतेक पायऱ्या कशासाठी आहेत ते आपोआप कळतं.

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. दोन सीटच्या छोट्या गाडीला पुढून सुरुवात केली आणि एकेक जोड बसवला तसा लगेच पूर्ण आवळत गेलो. शेवटच्या जोडाला पोहोचलो तेव्हा टिप, म्हणजे पाइपचं मागून दिसणारं तोंड, बंपरच्या खाचेपासून दोन बोटं डावीकडे होती. मी पाइप जोर लावून उजवीकडे ओढला, रबर ताणून आकड्यात अडकवलं आणि काम संपवलं. दोन आठवड्यांत ते रबर फाटलं आणि पाइप हीट शील्डवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर, आपटायला लागला. सगळं पुन्हा खोलावं लागलं. पुढची पद्धत त्या दुसऱ्या खेपेत शिकलेली आहे.

काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

इंजिनाकडून मागे निघालात तर आधी मॅनिफोल्ड किंवा हेडर लागतो, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्या. टर्बो गाडीत त्यानंतर टर्बो आणि मग डाउनपाइप. पुढे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मिडपाइप, ठरावीक सूर दाबणारा रेझोनेटर, सायलेन्सर आणि शेवटी टिप. बाजारात मिळणारे संच यातला कुठला तुकडा बदलतात त्यावरून ओळखले जातात. ॲक्सल-बॅक म्हणजे मागच्या ॲक्सलपासून शेवटपर्यंत, म्हणजे मुख्यतः सायलेन्सर आणि टिप. कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचं सगळं.

पहिल्या खेपेला ॲक्सल-बॅक घ्या. गाडी चारही बाजूंनी नीट उचलायची सोय असेल आणि मदतीला माणूस असेल तर कॅट-बॅकही जमतो. हेडर आणि डाउनपाइप मात्र सध्या सोडून द्या. हेडरचे स्टड (आटे असलेले दांडे) सिलिंडर हेडमध्ये बसलेले असतात, वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन कडक झालेले असतात, आणि त्यातला एक जरी आत तुटला तरी घरच्या हत्यारांनी तो काढणं फार अवघड जातं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीचा कन्व्हर्टर काढणं बेकायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं निरुपद्रवी करायचं काम तोच करतो, आणि तो काढल्यावर ते सगळं आपल्या मागच्या माणसाच्या नाकात जातं. सायलेन्सर निवडतानाही आपल्याकडची आवाजाची मर्यादा आधी बघून घ्या. संयुक्त राष्ट्रांचे वाहन नियम पाळणाऱ्या देशांमध्ये बदली सायलेन्सरसाठी नियम क्रमांक ५९ आहे. त्यानुसार मंजुरी मिळालेल्या सायलेन्सरवर वर्तुळातलं ‘ई’ अक्षर आणि मंजुरी क्रमांक कोरलेला असतो. विमा आणि वॉरंटीच्या अटीही खरेदीआधी वाचा.

आता अपेक्षांबद्दल. टर्बो नसलेल्या आधुनिक गाडीत नुसत्या कॅट-बॅकने ताकद फारशी वाढत नाही, कारण मोठा अडथळा त्याच्या पुढे असतो. मिळतो तो आवाज, आणि वजनातली घट. टायटॅनियमची घनता घन सेंटिमीटरला ४.५ ग्रॅम आणि स्टेनलेसची ८ च्या आसपास, त्यामुळे टायटॅनियमचा सायलेन्सर हातात घेतला की फरक लगेच जाणवतो. आणि ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर (धुराच्या वाटेतला उलटा दाब) लागतंच’ हे जे सर्रास ऐकू येतं ते खरं नाही. इंजिनाला हवा असतो वायूचा वेग, कारण वेगाने निघालेला एक झोत आपल्या मागे कमी दाब ठेवून जातो आणि पुढच्या झोताला ओढून घेतो. पाइप गरजेपेक्षा जाड घेतला की तो वेग पडतो. म्हणून सगळ्यात जाड पाइप म्हणजे सगळ्यात चांगला, असं समजून खरेदी करू नका.

आवाजाबाबत एक गोष्ट मी कळकळीने सांगेन, कारण नव्या एक्झॉस्टचा पश्चात्ताप बहुतेक वेळा हिच्यामुळे होतो: घुमणारा आवाज, ज्याला सगळे ‘ड्रोन’ म्हणतात. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. २४०० आरपीएमला मिनिटाला ४८०० स्फोट, म्हणजे सेकंदाला ८०. हा ८० हर्ट्झचा सूर गाडीच्या आतल्या पोकळीशी जुळला की एकाच वेगाने चालताना कानात दडे बसल्यासारखं होतं, आणि लांबच्या प्रवासात डोकं उठतं. दोन मिनिटांच्या व्हिडिओत गाडी जागेवर उभी करून ॲक्सिलरेटर दाबलेला असतो; त्यात हे कळत नाही. तुमच्याच मॉडेलच्या गाडीत बसून, नेहमीच्या वेगाने, काचा बंद करून ऐका. तसं जमत नसेल तर रेझोनेटर असलेला संच निवडा. काही संचांना एका टोकाने बंद असलेली आडवी नळी जोडलेली दिसते, ती याच कामासाठी असते. गरम वायूत आवाज सेकंदाला सुमारे ४८० मीटर जातो, त्या हिशेबाने ८० हर्ट्झची लाट सहा मीटरची. तिच्या पाव लांबीची, म्हणजे दीड मीटरची नळी लावली की नळीत जाऊन परत येणारी लाट नेमकी उलटी होऊन त्या सुराला मारते. दिसायला ती निरुपयोगी शेपटी वाटते, पण कापून टाकू नका.

धातूबद्दल थोडक्यात. ४०९ आणि ३०४ असे स्टेनलेसचे दोन प्रकार वारंवार दिसतील. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं, त्याला लोहचुंबक चिकटतो आणि वरून तांबूस गंज येतो, तरी तो वर्षानुवर्षं टिकतो. ३०४ मध्ये क्रोमियम साधारण १८ आणि निकेल ८ टक्के, तो चकचकीत राहतो आणि चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही.

आदल्या दिवशी

खोका उघडा आणि सगळे तुकडे जमिनीवर गाडीशेजारी त्याच क्रमाने मांडा. हे टाळू नका. क्लँप (पाइपभोवती आवळायचे पट्टे), बोल्ट, गॅस्केट (जोडाच्या मधली सील करणारी चकती) मोजा. एकात एक सरकणारे जोड हातानेच जोडून बघा. वेल्डिंगच्या वेळी काठ वाकलेला असेल किंवा आत धातूचा थेंब राहिला असेल तर तो आत्ताच कानशीने घासा. गाडी वर चढवून जुना पाइप काढल्यानंतर एक गॅस्केट कमी आहे हे कळलं, तर काम पूर्ण होईपर्यंत गाडी तशीच अडकून पडते.

जुनं गॅस्केट परत वापरायचं नाही. ते एकदा दाबलं गेलं की त्या आकाराचं होऊन बसतं. फ्लँजचे (पाइपच्या टोकाच्या, बोल्टने जोडायच्या चपट्या कडांचे) नट-बोल्ट आणि हँगरची, म्हणजे पाइप टांगायच्या आकड्यांची, रबरंही शक्यतो नवी आणून ठेवा.

गाडी पूर्ण थंड असताना प्रत्येक नट-बोल्टच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा एकदा मारा. त्याच वेळी जुन्या एक्झॉस्टचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा: कुठलं रबर कुठल्या आकड्यात आहे, वायर कुठून गेली आहे, हीट शील्ड कशावर टेकलं आहे. परत जोडताना फोटो लागतातच.

हत्यारं: सॉकेट आणि रॅचेट, सॉकेट सहा कोनांचेच, कारण बारा कोनांचा गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. लांब दांड्याचा ब्रेकर बार. टॉर्क रेंच. हँगर काढायची पक्कड, नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर. तारेचा ब्रश. साबणाचं पाणी आणि स्प्रेची बाटली. सुरक्षेचा चष्मा आणि जाड हातमोजे. चष्मा अगदी पहिल्या मिनिटापासून लावायचा; खाली आडवं पडून वर बघताना गंजाचे कण थेट डोळ्यात पडतात.

गाडी उचलणं

सगळ्या कामातला जीवघेणा भाग हाच आहे, म्हणून इथे सावकाश चला.

जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. डांबरी जागा उन्हात मऊ होते आणि स्टँडचे पाय आत रुततात. तिथे काम करावंच लागलं तर प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा. मागची बाजू उचलणार असाल तर पुढच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो, आणि ती चाकं हवेत गेली की तो गाडीला धरून ठेवू शकत नाही.

स्पोर्ट्स कार जमिनीलगत असते, त्यामुळे बऱ्याचदा जॅकच खाली शिरत नाही. चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या रुंद लाकडी फळ्यांवर आधी चाकं चढवून घ्या. जॅक गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. बऱ्याच गाड्यांत या जागा दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेवर असतात; तिथे मध्ये खाच असलेला रबरी ठोकळा ठेवला नाही तर कड वाकते. सायलेन्सर, डिफरन्शियलचं नाजूक ॲल्युमिनियम कव्हर किंवा तळाची प्लास्टिकची झाकणं यांवर जॅक लावायचा नाही.

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. विटा आणि पोकळ काँक्रीटचे ठोकळेही नकोत. ते आधी जराही न वाकता एकदम फुटतात. गाडी स्टँडवर उतरवली की खाली जाण्याआधी तिला बाजूने हाताने जोरात हलवून बघा. जरा जरी डुगडुगली तरी उतरवा आणि पुन्हा लावा. जॅक किंचित टेकवून तसाच राहू द्या आणि काढलेलं एखादं चाक दाराखाली सरकवून ठेवा.

ॲक्सल-बॅकला नुसती मागची बाजू उचलून भागतं. कॅट-बॅकसाठी चारही बाजू सारख्या उंचीवर आणा. एकच बाजू वर असेल तर मोकळा झालेला लांब पाइप उताराने घसरत येतो, आणि त्या दिशेला बहुधा तुमचं डोकं असतं.

जुना एक्झॉस्ट उतरवणं

गाडी चालवून आल्यावर लगेच सुरुवात करायची नाही. पाइपचा पुढचा भाग चालत्या गाडीत कित्येकशे अंशांपर्यंत गेलेला असतो आणि वरून थंड वाटला तरी सायलेन्सरच्या आतली उष्णता बराच वेळ टिकते. रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम.

आधी विजेच्या जोडण्या बघा. कन्व्हर्टरनंतरचा ऑक्सिजन सेन्सर बहुधा कॅट-बॅकच्या जोडाच्या पुढेच असतो, म्हणजे त्याला हात लावावा लागत नाही. काढावाच लागला तर आधी इग्निशन बंद, मग वायरचा प्लग सोडवा, मग सेन्सर. बहुतेक सेन्सरना २२ मिलिमीटरचा, बाजूने चिरलेला सॉकेट लागतो. चिरेतून वायर बाहेर येते. सेन्सर वायरवर लोंबत ठेवू नका, पडू देऊ नका आणि त्याच्या टोकाला तेल-ग्रीस लागू देऊ नका. सायलेन्सरमध्ये आवाज कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची मोटर किंवा व्हॅक्यूमची नळीही आत्ताच सोडवा. नव्या संचात व्हॉल्व्ह नसेल तर त्या मोटरचं काय करायचं हे संच बनवणाऱ्याकडून आधीच विचारून घ्या, कारण काही गाड्यांत ती जोडलेली नसली की डॅशबोर्डवर दिवा लागतो.

आता बोल्ट. जाम झालेला बोल्ट सरळ सोडवायच्या मागे लागू नका. आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या, गंजाची पकड मोडल्याचा बारीक ‘टक्’ ऐकू येतो. मग पाव फेरा सोडवा, परत थोडा आवळा, तेल मारा, पुन्हा सोडवा. असं पुढे-मागे करत आणलेला बोल्ट आट्यांसकट सुखरूप निघतो. ब्रेकर बार ओढताना जोर शक्यतो गाडीच्या लांबीच्या दिशेने द्या. आडव्या हिसक्याने गाडी स्टँडवरून सरकू शकते.

ज्वाला आणि ग्राइंडर यांची आठवण इथे होईलच. मागच्या भागात पेट्रोलची टाकी आणि इंधनाच्या नळ्या पाइपच्या अगदी जवळून गेलेल्या असतात, म्हणून मी गाडीखाली ज्वाला वापरत नाही आणि ग्राइंडरच्या ठिणग्याही उडू देत नाही. बोल्ट हटत नसेल तर नट फोडायचं हत्यार किंवा साधी लोखंड कापायची करवत वापरा. वेळ लागतो, पण काम होतं. गरम धातूवर ब्रेक क्लीनर मारू नका. क्लोरीनयुक्त क्लीनर फार तापला तर त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

फ्लँज सुटण्याआधी सायलेन्सरखाली दुसरा जॅक आणि त्यावर लाकडी फळी लावून ठेवा, किंवा मित्राला धरायला सांगा. कारखान्यातून आलेले सायलेन्सर चांगलेच जड असतात. रबरांवर सिलिकॉन स्प्रे किंवा साबणाचं पाणी मारा आणि आकड्यावरून सरकवा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने रबर फुगून कुजतं. सगळ्यात पुढचं रबर शेवटी सोडा. मागची रबरं सुटल्यावर पाइपचं वजन पुढच्या जाळीदार लवचीक तुकड्यावर येतं, आणि पाइप तसाच लोंबू दिला तर तो तुकडा आतून फाटतो. बाहेरून काही दिसत नाही. नंतर गाडी सुरू केली की फुसफुस ऐकू येते.

सायलेन्सर ॲक्सलच्या वरून गेला असेल तर तो एकसंध बाहेर काढणं कोडं सोडवण्यासारखं असतं. फिरवून, तिरका करून, मागचं सस्पेन्शन आणखी खाली सोडून बघा. कापला तर लवकर निघेल, पण तो परत कधी बसवता येणार नाही. गाडी विकताना किंवा तपासणीसाठी मूळ एक्झॉस्ट लागू शकतो, म्हणून मी कापायच्या विरोधात आहे.

नवा टांगणं

जुन्या गॅस्केटचे अवशेष फ्लँजवरून तारेच्या ब्रशने साफ करा. पृष्ठभाग सपाट आणि कोरडा हवा. सिलिकॉनचा सीलंट चोपडू नका. इंजिनाजवळच्या उष्णतेत तो जळतो, आणि त्याच्या वाफांनी ऑक्सिजन सेन्सर व कन्व्हर्टर दोन्ही निकामी होऊ शकतात. बोल्टच्या आट्यांना उष्णता सोसणारी, आटे जाम होऊ न देणारी अँटी-सीझ पेस्ट बोटाने थोडीशी लावा. पुढच्या वेळी खोलणारा माणूस, म्हणजे बहुधा तुम्हीच, सुखी होईल. पेस्ट लावलेल्या बोल्टला कोरड्यापेक्षा थोडा कमी टॉर्क पुरतो.

मग रबरं. आधी गाडीच्या बाजूच्या आकड्यांत रबरं अडकवा आणि मग पाइपचे आकडे त्यात सरकवा. सगळा पाइप पुढून मागे असा रबरांवर चढवत जा. जोड जुळवा, गॅस्केट घाला, बोल्ट लावा, पण सगळं फक्त बोटांनी. क्लँप सरकेल इतकाच. पाइप हाताने फिरवता आला पाहिजे, पुढे-मागे ढकलता आला पाहिजे. या अवस्थेत एकही नट पान्याने आवळायचा नाही.

आता गाडीमागे दहा पावलं जा आणि टिपांकडे बघा. खाली बसून, उभं राहून, दोन्ही कोपऱ्यांतून बघा. मग परत खाली जाऊन फिरवा, सरकवा. दोन टिपा असतील तर त्या आडव्या रेषेत येईपर्यंत एक जण मागून सांगत राहील आणि दुसरा खालून हलवेल, हे सगळ्यात सोपं. घाई इथेच होते, आणि मी पहिल्या खेपेला इथेच चुकलो होतो. मला आता या जुळवणीला बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो लागू देतो.

रबरांकडे नजर टाका. प्रत्येक रबर सरळ खाली लोंबलेलं असलं पाहिजे. एखादं मागे किंवा बाजूला ओढलेलं दिसलं तर पाइप चुकीच्या जागी आहे. जोड थोडा सरकवा. एक मुभा आहे: थंड पाइपमध्ये रबर किंचित पुढच्या बाजूला झुकलेलं चालतं, कारण तापल्यावर पाइप मागे वाढतो आणि ते सरळ होतं.

मग अंतरं तपासा. पाइप आणि गाडीच्या कुठल्याही भागामध्ये निदान बोटभर, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी. ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, वायरिंग आणि ड्राइव्हशाफ्ट यांच्याजवळ त्याहून जास्त. टिप आणि बंपर यांच्यातही चहूबाजूंनी मोकळीक ठेवा, आणि पाइप मागे एक सेंटिमीटर सरकेल हे धरून ठेवा. बंपरच्या आत लपवलेली टिप देखणी दिसते, पण गरम वायू बंपरच्या आतल्या कडेवर आपटून प्लास्टिक मऊ करतो. तिचं तोंड बंपरच्या थोडं बाहेर असू द्या. पाइप हाताने धरून जोरात वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. कुठे लागला तर आत्ताच कळेल. एक खाचखळगा इथे नवख्यांना माहीत नसतो: गाडी स्टँडवर असताना चाकं आणि सस्पेन्शनचे हात खाली लोंबलेले असतात. गाडी चाकांवर आली की ते वर येतात आणि पाइपच्या जवळ जातात. म्हणून गाडी खाली उतरवल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा एकदा बघायचं.

सगळं मनासारखं झालं की आवळायला घ्या. सुरुवात पुढच्या फ्लँजपासून, मग क्रमाने मागे. फ्लँजचे दोन किंवा तीन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करून; एकच बाजू पूर्ण आवळली तर गॅस्केट तिरकं दबतं. टॉर्कचे आकडे गाडीच्या किंवा संचाच्या पुस्तकातले घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, एम-८ बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर आणि एम-१० ला ४० ते ५० च्या घरात आकडे दिसतात. क्लँपचा नट खाली, रस्त्याच्या दिशेने लोंबत ठेवू नका, खड्ड्यात घासतो. तो बाजूला किंवा वर फिरवा, पण पाना पोहोचेल असा. सरकत्या जोडाला पुस्तकात सांगितलेल्या खुणेपर्यंत पाइप आत गेला आहे ना, ते आवळताना पुन्हा बघा. दर जोड आवळून झाला की टिपेकडे एक नजर, कारण क्लँप आवळताना पाइप थोडा फिरतो.

सुरू करण्याआधी सगळा पाइप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. बोटांचे तेलकट ठसे स्टेनलेसवर एकदा भाजले गेले की जात नाहीत.

पहिल्यांदा सुरू करताना

गॅरेजचं दार सताड उघडं, आणि गाडी बाहेर काढता आली तर आणखी चांगलं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद जागेत चालू इंजिनाजवळ काम करताना माणूस गुंगतो आणि उठू शकत नाही. इंजिन चालू असताना गाडीखाली जायचं नाही, हात लांब करून तपासायचं.

गळती शोधायला सोपी युक्ती आहे. गाडी थंड असतानाच, इंजिन सुरू न करता, फुंकणारा व्हॅक्यूम क्लीनर टिपेत बसवा, बाजूची फट कापडाने बंद करा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे फुगतील तो जोड पुन्हा बघायचा. दोन टिपा असतील तर दुसरी कापडाने बंद करा. यात गाडी स्टँडवर असली तरी चालते आणि धुराची भीती नाही. मग इंजिन सुरू करून कान द्या. जोडातून गळत असेल तर थंड इंजिनावर टिक-टिक असा आवाज येतो. सेन्सरच्या पुढे गळती असेल तर नुसत्या आवाजाचा प्रश्न नसतो: दोन झोतांमधल्या कमी दाबात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं इंधन कमी पडतंय, आणि संगणक उगाच जास्त पेट्रोल सोडत राहतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं पाइपमधून थोडा धूर आणि करपल्याचा वास येईल. कारखान्यातलं तेल, तुमचं गंज सोडवणारं तेल आणि पेस्ट जळत असते. तेवढ्यात थांबला नाही, किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर गाडी बंद करून शोधा. टिपेतून पाणी गळताना दिसलं तर घाबरू नका. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तितकंच पाणी तयार होतं आणि थंड पाइपमध्ये ते साचून बाहेर येतं. काही सायलेन्सरच्या तळाला यासाठीच बारीक छिद्र असतं. ते गळतीचं समजून बंद करू नका, नाहीतर सायलेन्सर आतून गंजतो.

थोडं फिरवून आणा, पण रात्री शेजाऱ्यांच्या खिडकीखाली नको. खडबडीत रस्त्यावर आणि वळणावर काही आपटतंय का ऐका. एकाच वेगाने चालताना पत्र्याची किणकिण ऐकू आली तर बहुधा हीट शील्ड असतं. ते बाजूला वाकवलं की थांबतं. तेच ‘ठक्’ असं जड असेल तर पाइप कुठेतरी लागतोय.

पहिल्या शंभरएक किलोमीटरनंतर, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, पुन्हा स्टँडवर चढवा आणि प्रत्येक बोल्ट आणि क्लँपला टॉर्क रेंच लावा. तापून-थंड होताना गॅस्केट थोडं दबतं आणि क्लँप सैल पडतात, हे होणारच असतं. रबरं बघा, अंतरं बघा, पाइपवर कुठे घासल्याची चकचकीत खूण दिसते का ते बघा. दिसली तर त्या जोडाचे बोल्ट सैल करून पाइप परत टांगा.

जुना एक्झॉस्ट मात्र लगेच टाकू नका. आतलं पाणी निथळू द्या, मूळचे नट-बोल्ट एका पिशवीत घालून पाइपलाच बांधा, आणि कोरड्या जागी आडवा ठेवून द्या.